नंबर नसलेली गाडी

सायकलवरून वाणसामान आणणारा माणूस यादी रुपयांत करत नाही, किलोत करतो. आम्ही कर्वेनगरच्या एका फ्लॅटमध्ये चौघीजणी राहतो. आमची महिन्याची यादी अशी असते: तांदूळ पाच किलो, आटा पाच, तूरडाळ दोन, साखर दोन, तेल दोन लिटर, पोहे एक, शेंगदाणे एक, कपड्यांची पावडर एक. झाले साधारण १९ किलो. शिवाय साबण, चहा, बिस्किटं, सॅनिटरी पॅड ही मंडळी. त्यांना वजन नसतं, पण जागा भरपूर लागते. माझ्या सायकलवर बारा किलो सुखाने येतं. पंधरा किलो भरले की हँडल स्वतःच्या मर्जीने वळायला लागतं. म्हणून यादीचे दोन भाग होतात. पहिल्या रविवारी धान्य, तिसऱ्या रविवारी बाकी सगळं.

आता तुम्ही म्हणाल, ॲपवरून मागव ना, दहा मिनिटांत दारात येतं. मागवतो आम्हीही. परीक्षेच्या आदल्या रात्री मॅगी, कुणाला ताप आला तर इलेक्ट्रॉल. पण पाच किलोचा आटा आणि पाच किलोचा तांदूळ तिथून घेतला, वर डिलिव्हरीचे आणि हँडलिंगचे पैसे लावले, की महिन्याचा हिशोब हलतो. खालच्या किराणा दुकानात वस्तू चांगली मिळते, दुकानदार उधारही देतो, पण प्रत्येक वस्तूमागे चार-सहा रुपये जास्त. सव्वादोन किलोमीटरवरच्या सुपरमार्केटमध्ये तीच यादी तीनेकशे रुपयांनी स्वस्त पडते. चौघींत ते पंच्याहत्तर रुपये होतात. ज्यांच्या घरी महिन्याला पैसे पाठवावे लागतात त्यांना पंच्याहत्तर रुपये दिसतात. रिक्षाने जाऊन-येऊन केलं तर त्यातले बरेचसे रिक्षातच जातात. राहिली सायकल. ती आमच्याकडे आहे, माझी आहे, आणि तिला पेट्रोल लागत नाही.

सायकल सेकंडहँड आहे. हॉस्टेल सोडून चाललेल्या एका मुलीकडून २८०० रुपयांना घेतली. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरियर, मधला भक्कम स्टँड. गिअर नाहीत. सामान लादायचं शास्त्र मी हळूहळू तयार केलं. तांदळाची पिशवी कॅरियरवर लांबीत आडवी ठेवायची आणि रबरी दोरीने दोनदा आवळायची. तेलाच्या पिशव्या टोपलीत सगळ्यांत खाली, त्यांच्यावर डाळ आणि साखर. पोहे वर, कारण पोहे दाबले की त्यांचा चुरा होतो. अंडी पाठीवरच्या सॅकमध्ये. हँडलला काहीही लटकवायचं नाही, ती पिशवी एक तर गुडघ्याला आपटते नाहीतर चाकाच्या तारांत जाते. निघायच्या आदल्या दिवशी हवा भरून घ्यायची. चढावर उतरून चालायचं, त्यात लाज कसली.

या शास्त्राचा एक फायदा असा, की दुकानातल्या ऑफर माझं काही बिघडवू शकत नाहीत. ‘दोनवर एक फ्री’ लिहिलेलं असलं तरी तिसऱ्या बाटलीचं वजन फ्री नसतं. ढकलायची ट्रॉली कशी जन्माला आली ते कधीतरी वाचलं होतं. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीमध्ये सिल्व्हन गोल्डमन नावाचा एक सुपरमार्केटवाला होता. त्याच्या लक्षात आलं, की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. मग १९३७ साली त्याने घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन चाकांची टोपली बनवून घेतली. हाताला वजन कळेनासं झालं आणि खरेदी वाढली. सुपरमार्केटची सगळी रचना तेव्हापासून ट्रॉलीच्या हिशोबाने चालते. ट्रॉलीतलं सामान पुढे कशात तरी जायला हवं, म्हणून तळघरात डिकीवाल्या गाड्यांसाठी पार्किंग. या साखळीत सायकल कुठेच बसत नाही. माझी टोपली गोल्डमनच्या आधीच्या काळातली आहे.

पण माझा विषय सामान नाही. सामान बसतं. प्रश्न त्याच्या आधीचा आहे, दुकानात शिरण्याच्या आधीचा. सायकल लावायची कुठे?

पहिल्यांदा गेले तेव्हा मी पार्किंगच्या उतारावरून सरळ खाली निघाले. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांनी शिट्टी वाजवली.

“ओ ताई, सायकल खाली नाही न्यायची.”

“मग कुठे लावू?”

“मागं. स्टाफच्या इथं. कामाला आलात का?”

“नाही, सामान घ्यायला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या छोट्या मशीनकडे पाहिलं. खाली जाणाऱ्या प्रत्येक गाडीची पावती त्या मशीनमधून निघते. आधी गाडीचा नंबर टाकावा लागतो, मगच कागद बाहेर येतो. “नंबर नाही ना सायकलला,” ते म्हणाले. “नंबराबिगर मशीन पावती देत नाही. आन् पावती नसली की बाहेर निघताना मला विचारतात.”

मला त्यात चिडण्यासारखं काही दिसलं नाही. ते खरंच सांगत होते. मोटार वाहन कायद्याच्या लेखी सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळे तिची नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही. ज्याने ते मशीन बनवलं त्याच्या डोळ्यांसमोर सायकल नव्हतीच. आणि काका बारा तास उन्हात उभे राहून त्या मशीनचे नियम पाळत होते.

दुकानाची मागची बाजू तुम्ही सहसा बघत नाही. तिथे माल उतरवायचा धक्का असतो. दाबून बांधलेले पुठ्ठ्यांचे गठ्ठे, फुटलेले क्रेट, चाक निखळलेल्या ट्रॉल्या, सडका कोबी, आणि एका कोपऱ्यात जनरेटर. जनरेटरच्या बाजूला भिंतीला टेकवून आठ-दहा सायकली उभ्या होत्या. बहुतेक काळ्या, दांडीवाल्या, मडगार्डवर देवाचं नाहीतर मुलांचं नाव रंगवलेल्या. त्यातली एक ॲटलस काकांची होती हे मला नंतर कळलं. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला. तीन जून म्हणजे जागतिक सायकल दिन. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “कारखाना बंद झाला तर झाला, माझी चालू आहे.”

काका जिंतूरचे. मी हिंगोली जिल्ह्यातली. हे कळल्यावर ‘ताई’ची ‘पोरी’ झाली आणि गेटवर दोन मिनिटं बोलणं व्हायला लागलं. पाऊस झाला का, सोयाबीनला भाव काय, एवढंच. पण सायकल मागेच.

*

सायकलला कधीकाळी नंबर होता, हे मला आमच्या घरमालक आजोबांनी सांगितलं. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या काळात पुण्यात महापालिका सायकलवर कर घ्यायची आणि कर भरला की पितळी बिल्ला द्यायची. तो सायकलला लावून फिरायचं. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला, डबलसीट बसलेलं असलं, की पकडायचे आणि दंड करायचे. आजोबांनी देवघराच्या ड्रॉवरमधून तो बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. रुपयाच्या नाण्याहून मोठा, झिजलेला, आकडे अजून वाचता येणारे. “तेव्हा शिव्या द्यायचो आम्ही या टॅक्सला,” ते म्हणाले.

कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. गेटाशेजारी सायकली ठेवायला पत्र्याची लांबलचक शेड होती. अधिकाऱ्याची सायकल कुठली आणि फिटरची कुठली हे लांबून ओळखू यायचं नाही, असं आजोबा सांगतात. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते त्या काळात.

पुढचं आपल्याला माहीत आहे. याच परिसरात, आकुर्डीत, १९७२ पासून चेतक स्कूटर बनायला लागली. ती मिळायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. मग मोपेड, मोटारसायकली, स्कूटी. २०१८ च्या सुमारास पुण्यात नोंदलेल्या वाहनांचा आकडा शहराच्या लोकसंख्येपुढे गेला. त्याच्या थोडंच आधी, २०१७ मध्ये, महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला होता. त्यात आठशेहून जास्त किलोमीटरच्या सायकल मार्गांचं जाळं होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विद्यापीठात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या, ॲपने कुलूप उघडणाऱ्या. पिवळ्या, नारंगी, हिरव्या. काही वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. आमच्या कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. जुन्या, दुर्मीळ सायकली तिथे मायेने जपल्या आहेत. मी दोनदा गेले आहे, तुम्हीही जा.

या सगळ्यात मला एक गोष्ट लक्षात आली. सायकलीबद्दल बोलणं होतं तेव्हा ते रस्त्याबद्दल होतं. ट्रॅक किती फुटांचा, त्यावर दुचाक्या चढतात का, मधेच झाड येतं का. हे सगळं महत्त्वाचंच. पण सायकल चालवणारा माणूस कुठेतरी पोचतो, उतरतो, आणि त्याला काहीतरी काम असतं. बँकेत जायचं असतं, दवाखान्यात जायचं असतं, साखर घ्यायची असते. तेव्हा ती सायकल हातातून सोडता आली पाहिजे. सोडता येत नसेल तर सुंदर ट्रॅकवरून सायकल चालवून परत घरी येणं, एवढंच शिल्लक राहतं. तो व्यायाम झाला.

*

माझी पहिली सायकल मला सरकारने दिली. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रम चालतो. आठवी ते बारावीच्या, शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना त्यातून सायकली मिळतात. २०१३ साली मी आठवीत गेले तेव्हा आमच्या शाळेत त्या आल्या. शाळा आमच्या गावापासून चार किलोमीटर. त्याआधी आठवीनंतर मुलीला शाळेत पाठवायचं की नाही, यावर आमच्या घरी दर उन्हाळ्यात चर्चा व्हायची. सायकल आल्यावर ती चर्चा झाली नाही. माझ्या मोठ्या चुलतबहिणीच्या वेळी सायकल नव्हती. ती सातवीपर्यंतच शिकली.

त्या सायकली शाळेत लिंबाच्या झाडाखाली लावायच्या. शिपाईमामांनी चुन्याने रेघ मारली होती. रेघेच्या आत पुढचं चाक, एका बाजूला सगळ्या हँडलांची तोंडं. चाळीसेक सायकली असतील. शाळा सुटली की सगळ्या एकदम निघत आणि रस्त्याने घंट्या वाजत. चुन्याची रेघ पावसात जायची, मामा परत मारायचे. सायकल लावायला जागा करणं म्हणजे काय, याची माझी कल्पना तिथे तयार झाली. त्याला एक चुन्याची डबी लागते, आणि या मुली रोज येणार आहेत हे कुणीतरी धरून चालावं लागतं.

गावात सायकल आली तेव्हा मी एक पायरी वर गेले होते. बापाने मागे बसवून सोडायची गरज नाही, कुणाच्या मोटारसायकलवर लिफ्ट मागायची गरज नाही. पुण्यात तीच वस्तू मला एक पायरी खाली उतरवते. “कामाला आलात का?” या प्रश्नात वाईट काहीच नाही. माझी आई कामालाच जाते, दुसऱ्यांच्या शेतात. पण त्या प्रश्नाचा अर्थ असा, की सायकलवरून येणारा माणूस या दुकानात काम करत असेल, खरेदी करत नसेल. पुढचं दार गिऱ्हाइकाचं, मागचं कामगाराचं, आणि सायकल बघून तुमचं दार ठरतं.

याला अपवाद आहे. रविवारी सकाळी सिंहगडाकडून परतणारे सायकलस्वार दुकानासमोरच्या टपरीवर चहाला थांबतात. हेल्मेट, चष्मे, घट्ट जर्सी, आणि ज्यांची किंमत माझ्या सहा महिन्यांच्या भाड्याएवढी असेल अशा सायकली. त्या सायकलींना स्टँडच नसतो, म्हणून ते त्या दुकानाच्या काचेला टेकवतात. केळी आणि पाणी घ्यायला आत जातात. त्यांना कुणी मागे पाठवत नाही. त्यांचा मला राग नाही, त्यातले दोघेतिघे ओळखीचे झाले आहेत, एकाने मला ब्रेकची केबल बदलून दिली. पण नंबर त्यांच्याही सायकलला नाही. म्हणजे अडचण मशीनची एकट्याची नव्हती.

*

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी मागचं गेट बंद झालं. तिथे मालासाठी नवी लिफ्ट बसवायची होती. जनरेटरजवळची जागा पत्रे लावून अडवली. मी नेहमीप्रमाणे गेले, तर काका म्हणाले, “पोरी, आता मागंबी नाही.”

“मग तुमच्या सायकली?”

त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. फुटपाथवर महावितरणच्या डीपीजवळ एका खांबाला चार सायकली साखळीने एकत्र बांधल्या होत्या. बाकीच्यांनी सायकल आणणं सोडलं होतं. काही चालत येत होते, काही बसने. काकांची ॲटलस त्या चारांत होती. दिवसभर ते गेटवर उभे राहून लोकांच्या गाड्या सांभाळत होते आणि स्वतःची गाडी रस्त्यावर होती, त्यांच्या नजरेच्या टप्प्यातही नाही.

त्या दिवशी मीही सायकल तिथेच बांधली. अर्ध्या तासात जे घ्यायचं ते घेतलं. बाहेर आले तर कुणीतरी मोटारसायकल वळवताना सगळ्या सायकली आडव्या पाडल्या होत्या. माझी टोपली वाकली होती, काकांच्या सायकलचं पॅडल तुटलं होतं. काकांनी ते उचलून खिशात घातलं आणि परत गेटवर जाऊन उभे राहिले, कारण एक गाडी हॉर्न वाजवत होती.

मी आत जाऊन सूचना वही मागितली. काकांचं नाव लिहायचं नाही हे पक्कं ठरवलं होतं. कंत्राटी नोकरी असते, एका ओळीवर जाऊ शकते. मी लिहिलं, ‘सायकलवरून येणाऱ्या ग्राहकांसाठी पार्किंगची सोय करावी.’ खाली नाव, तारीख. बिलिंगवरच्या मुलीने वही वाचली आणि मला म्हणाली, “मॅनेजर सरांना भेटूनच जा ना.”

मॅनेजर माझ्याच वयाचा होता. नम्र. पाणी विचारलं. म्हणाला, “मॅडम, सायकलवाले कस्टमर असतात किती? दिवसाला एखाददुसरा. त्यासाठी वरून परवानगी काढायची म्हणजे...”

हा प्रश्न मला घरी येईपर्यंत पुरला. सायकल लावायला जागा नाही, म्हणून सायकलवाले येत नाहीत. सायकलवाले येत नाहीत, म्हणून जागा करायची गरज नाही. पावती नंबरावर निघते, म्हणून सायकलवाला आला तरी नोंदीत येत नाही. त्याच्याकडे दिवसाला ‘एखाददुसरा’ हा आकडा कुठून आला असेल? मशीनमध्ये तर सायकलींचा आकडा शून्यच असणार.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच ते सहा मी समोरच्या वडापावच्या गाडीजवळ उभी राहिले आणि दुकानासमोरून जाणाऱ्या सायकली मोजल्या. कंटाळवाणं काम आहे, पण वडापाव चांगला होता. एका तासात ४१ सायकली गेल्या. शाळेची मुलं, रंगकाम करणारे, वॉचमन, पोळ्या करायला जाणाऱ्या बायका, एक भंगारवाला, दोन कॉलेजच्या मुली. त्यातल्या दोघांनी दुकानासमोर वेग कमी केला, इकडेतिकडे पाहिलं, आणि पुढे गेले. ते आत यायचे होते की नाही, मी सांगू शकत नाही. वेग कमी केला, एवढं मी पाहिलं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी वारज्याहून सायकलवर येतात. त्यांना मी सहज विचारलं, “मावशी, तुम्ही किराणा कुठून भरता?” त्या म्हणाल्या, गल्लीतल्या दुकानातून, लागेल तसा. अर्धा किलो साखर, पाव किलो तेल. मी भाव विचारले आणि वहीत लिहिले. शेजारी सुपरमार्केटच्या बिलातले भाव लिहिले. सुटं तेल, सुटी साखर, सुटा आटा, सगळं मावशींना माझ्यापेक्षा महाग पडत होतं. माझ्यापेक्षा कमी कमावणारी बाई माझ्यापेक्षा महाग साखर खात होती.

“मग तिकडे का नाही जात? तुमच्या वाटेवरच आहे.”

मावशींनी पोळी उलटली. “तिथं गाडीवाल्यांनाच घेतात ना आत?”

मी त्यांना सांगितलं, की असं काही नाही, कुणीही जाऊ शकतं. त्या हसल्या. “जाऊ शकतं गं. पण सायकल बाहेर ठेवून आत मन लागंल का? ती गेली तर चार घरची कामं गेली.”

मावशींच्या बोलण्यात मॅनेजरच्या प्रश्नाचं उत्तर होतं. कारवाल्याची कार पार्किंगमध्ये नीट असते, म्हणून तो तासभर ट्रॉली ढकलू शकतो. मावशींच्या सायकलची किंमत दोन हजार असेल, पण त्यांचा सगळा दिवस तिच्यावर उभा आहे. कर्वेनगर ते वारजे, एका घरातून दुसऱ्या घरात वेळेवर पोचणं, सगळं. बँकेच्या हप्त्यावर घेतलेल्या आणि विमा उतरवलेल्या गाडीपेक्षा त्या सायकलला राखणीची गरज जास्त आहे. आणि राखणदार मात्र गाड्यांना आहे.

*

सायकलींचा विषय निघाला की लोक नेदरलँड्सचं उदाहरण देतात. उत्रेख्तच्या रेल्वे स्टेशनखाली २०१९ पासून साडेबारा हजार सायकलींची पार्किंगची इमारत आहे, जगातली सगळ्यांत मोठी. फोटो बघितले की डोळे फिरतात. पण मला एवढं नको आहे. एक कार उभी करायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. तेवढ्यात दहा सायकली आरामात लागतात. मला एका कारची जागा हवी होती, ती पण सायकलवाल्यांत वाटून घ्यायला.

मी सूचना वहीत परत लिहिलं. या वेळी ४१ चा आकडा लिहिला, दिवस आणि वेळ लिहिली, कारच्या जागेचं गणित लिहिलं. फ्लॅटमधल्या तिघींनी सह्या केल्या. ब्रेकची केबल बदलून देणाऱ्या जर्सीवाल्या दादाने सही केली, त्याच्या ग्रुपमधल्या चौघांच्या आणल्या. मावशी म्हणाल्या, “सही करते, पण माझं काम कुठे आहे ते लिहू नको.” बिलिंगवरच्या मुलीने वही बंद करताना हळूच सांगितलं, “मीपण सायकलनेच यायचे आधी.” ती सही करू शकत नव्हती. ते मला कळलं.

दीड-दोन महिने काही झालं नाही. वहीत आमच्या मजकुराखाली ‘नोंद घेतली’ असा शिक्का होता. मग दिवाळीच्या आधी एका रविवारी गेले तर दारापासून पंधरा पावलांवर, ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी, पिवळ्या रंगाची एक चौकट मारलेली होती. आत लिहिलं होतं ‘सायकल’. रंग अजून चिकट होता. चौकट कारच्या जागेहून लहान आहे, सहा सायकली मावतात, सातवी तिरकी लावावी लागते.

ती नेहमी रिकामी असते असं नाही. दिवाळीत तिथे कंदिलांचा स्टॉल होता. कधी पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट रचलेले असतात. काका दिसले की ते स्वतः क्रेट सरकवतात आणि मला हाताने बोलावतात. त्यांची ॲटलस आता तिथे असते, गेटवरून दिसते अशी, नव्या पॅडलसकट. स्टाफने तिथे लावायची की नाही यावर काही लेखी नियम नाही. कुणी विचारलं नाही, म्हणून चाललं आहे. विचारलं तर काय होईल मला माहीत नाही. मी मात्र वहीत कुठेही ‘फक्त ग्राहकांसाठी’ असं लिहिलेलं नाही.

मावशी डिसेंबरात पहिल्यांदा आत गेल्या. मी बरोबर होते. त्यांनी ट्रॉली घेतली नाही, हातातली टोपली घेतली. पाच किलो आटा उचलून पाहिला, कॅरियरवर कसा बसेल याचा मनात अंदाज घेतला, आणि ठेवून दिला. दोन किलो साखर आणि एक लिटर तेल घेतलं. बाहेर आल्यावर आधी सायकलचं कुलूप बघितलं. मग बिल नीट घडी घालून ब्लाऊजमधल्या पाकिटात ठेवलं. पुढच्या महिन्यात त्यांनी आटाही घेतला. रबरी दोरी माझी वापरली.

तुम्ही पुढच्या वेळी कुठल्याही मोठ्या दुकानात जाल, तेव्हा एवढं बघा, की सायकल लावायची जागा कुठे आहे. दाराशी आहे, मागे आहे, की नाहीच आहे. सायकल तुमच्याकडे नसली तरी चालेल. दुकान कुणाची वाट बघत होतं ते त्यावरून कळतं. नसेल जागा, तर सूचना वही मागा. ती असते, काउंटरखाली ठेवलेली असते, आणि बहुतेक कोरी असते.

आमच्या वहीत सध्या माझी तिसरी नोंद आहे. चौकटीतल्या फरशीला उतार आहे, त्यामुळे ज्यांना साइड स्टँड आहे त्या सायकली घसरतात. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर लोखंडी पाइप लावला तर सायकल टेकवताही येईल आणि साखळीने बांधताही येईल. पाइप साडेतीन मीटर लागेल. मोजून लिहिलं आहे.